बिनहिशेबी हवा: १९९३ च्या टोयोटा पिकअपची व्हॅक्यूम गळती

गाडी: टोयोटा पिकअप, १९९३, फोर बाय फोर, पाच गिअर मॅन्युअल. इंजिन २२आरई, २,३६६ सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल इंजेक्शन, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.
ठिकाण: डेन्व्हर, कोलोरॅडो. घरचं गॅरेज, समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटर.
तक्रार: थंड इंजिन बरं चालतं. गरम झालं की आयडलिंग ६०० ते ९५० आरपीएममध्ये हिंदकळतं, सिग्नलला गाडी कधीकधी बंद पडते. हलका रेस दिला की आधी एक गचका, मग उचल. चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो.

शनिवार, ७ सप्टेंबर २०२४

आज काहीच बदलायचं नाही, फक्त मोजायचं.

आधी कोड. बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत टीई१ आणि ई१ या टर्मिनलांत वायरचा तुकडा, इग्निशन चालू, इंजिन बंद. दिव्याने दोनदा, थांबून पाचदा डोळे मिचकावले. कोड २५, म्हणजे मिश्रण पातळ: हवेच्या मानाने पेट्रोल कमी. तोच तुकडा ठेवून इंजिन आयडलिंगवर चालू केलं की टायमिंग मूळ आकड्यावर येतं. टायमिंग लाइटने पाहिलं: ठिणगी टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतानाच्या जागेच्या) ५ अंश आधी, बरोबर. हे आधी बघणं गरजेचं आहे, कारण टायमिंग मागे पडलं असेल तर व्हॅक्यूमही कमी दिसतो आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो.

मग व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारं. थ्रॉटलच्या (रेस दिली की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढच्या, प्लेनमवरच्या (थ्रॉटलनंतरच्या हवेच्या पेटीवरच्या) नळीला टी जोडून लावलं. इंजिन पूर्ण गरम, दिवे-पंखा बंद. काटा १०.५ इंचांवर (पाऱ्याचे इंच), हळूहळू अर्धा-पाऊण इंच वरखाली तरंगणारा.

पुस्तकात निरोगी इंजिनाला १७ ते २१ इंच असं लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे इथे १२ ते १६ इंच आले तरी इंजिन ठीक. (पुण्यात दोनेक इंच वजा होतील, मुंबईत काहीच नाही.) त्यामुळे १०.५ हा आकडा कमी आहे, पण सतराशी तुलना करून वाटेल तितका भयानक नाही.

काट्याची चाल आकड्याइतकीच बोलते. ठराविक ठोक्यावर काटा खाली झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह बसत नाही. रेस वाढवल्यावर काटा थरथरायला लागला तर व्हॉल्व्ह स्प्रिंग. २,५०० आरपीएमवर धरून ठेवल्यावर हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक तुंबलेला. इथे यातलं काही नाही. काटा कमी आणि तरंगता, म्हणजे हवा कुठून तरी आत येते आहे, किंवा हवेसारखंच दुसरं काही.

हे "दुसरं काही" वेगळं काढायला दुसरं मोजमाप लागतं. त्याच डबीत व्हीएफ टर्मिनल आहे. ते आणि ई१ यांच्यात डिजिटल मल्टिमीटर लावला (टीई१चा तुकडा आता काढून) की कॉम्प्युटरने पेट्रोलचं प्रमाण शिकून कुठे नेलं आहे ते व्होल्टमध्ये दिसतं. २.५ म्हणजे मूळ जागेवर, ३.७५ आणि ५ म्हणजे पेट्रोल वाढवलेलं, १.२५ आणि ० म्हणजे कमी केलेलं. आपल्याकडे सरळ ५. कॉम्प्युटर हात टेकण्याइतकं पेट्रोल वाढवून बसला आहे. थंड इंजिन बरं का चालतं तेही यातच आहे: तेव्हा मिश्रण मुद्दाम दाट ठेवलेलं असतं, पातळपणा झाकला जातो.

रविवार, ८ सप्टेंबर

स्प्रेचा डबा अजून कपाटातच. कार्ब्युरेटर क्लीनर मारत सुटणं ही सगळ्यांची पहिली सवय, आणि या इंजिनावर ती निम्म्या गळत्या चुकवते. कारण असं.

२२आरईमध्ये हवा मोजली जाते ती एअर फिल्टरच्या डब्याला लागून असलेल्या फडकीच्या मीटरमध्ये. तिथून घडीदार रबरी नळीने थ्रॉटल बॉडीपर्यंत, मग प्लेनम, मग मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या वाटा. फडकीनंतर कुठूनही आत शिरलेली हवा बिनहिशेबी. कॉम्प्युटरला तिची खबर नाही, तिच्या वाटचं पेट्रोल सुटत नाही. पण ही बिनहिशेबी हवा सगळीकडे सारखी वागत नाही:

थ्रॉटलच्या पुढे (प्लेनम, मॅनिफोल्ड, इंजेक्टर, ब्रेक बूस्टर): गेजवर दिसते, व्हीएफवरही दिसते. स्प्रेला दाद देते.

फडकी आणि थ्रॉटल यांच्यामध्ये (घडीदार नळी): तिथे आयडलिंगला व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच. गेज निर्दोष म्हणतं, स्प्रे आत ओढला जात नाही, फक्त व्हीएफ बोलतो.

क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या पोकळीतून (ऑइलचं झाकण, डिपस्टिक, व्हॉल्व्ह कव्हर): तिथले वायू प्लेनमकडे ओढून घेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या वाटेने आत येते. इंजिन वरून कोरडं ठणठणीत दिसतं.

ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेल्या वायूचा थोडा भाग परत आत सोडणारा) नीट न बसणं: ही हवाच नाही, जळून झालेला वायू. गेज पडतं, आयडलिंग बिघडतं, पण त्यात ऑक्सिजन जवळपास नसल्याने व्हीएफ हलत नाही. (मिसफायर व्हायला लागलं तर मात्र न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि तोही "पातळ" म्हणतो. ही फसगत लक्षात ठेवायची.)

हे गणित सगळ्या गाड्यांना लागू नाही. त्याच काळातली फोर्डची ४.९ लिटर सहा सिलिंडर किंवा शेव्हरोलेची थ्रॉटल बॉडी इंजेक्शन घेतली, तर त्या बहुतेक गाड्या हवा मोजत नाहीत, मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. गळती झाली की दाब वाढलेला दिसतो, कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो, आणि आयडलिंग खडबडीत होण्याऐवजी चढतं. लक्षण उलटं, कारण तेच. आपल्याकडच्या डिझेल पिकअपमध्ये तर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम वापरतच नाहीत. बऱ्याच गाड्यांत तो पंपाने तयार होतो, अनेकदा अल्टरनेटरच्या पाठीवरच्या. तिथे गळती झाली की आयडलिंगला काही होत नाही, ब्रेक पेडल दगडासारखं होतं.

आता फांद्या छाटायचं काम. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवरच्या नकाशाप्रमाणे एकेक नळी प्लेनमकडून काढायची, निपलवर रबरी टोपी चढवायची, गेज बघायचं, मग नळी परत लावायची. जुन्या नळ्या पक्कडीने चिमटायच्या नाहीत. तीस वर्षांचं रबर चिमट्याने तडकतं, आणि एकाच्या दोन गळत्या होतात.

ब्रेक बूस्टर बंद: फरक नाही. पॉवर स्टिअरिंगची आयडल-अप नळी बंद: फरक नाही. (ही हवा घडीदार नळीतून, म्हणजे मोजून झाल्यावर घेतलेली असते. आयडल-अपचा व्हॉल्व्ह आतून गळला तर आयडलिंग चढेल, मिश्रण पातळ होणार नाही.) फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी: आतून कोरडी, पेट्रोलचा वास नाही, म्हणजे पडदा शाबूत. कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ धरणारा डबा), ईजीआर मॉड्युलेटर: फरक नाही. पीसीव्ही बंद: गेज एक इंचाने वर.

पीसीव्हीतून थोडी हवा जाणं हे त्याचं कामच आहे, त्यामुळे थोडा फरक चालतो. म्हणून दुसरी परीक्षा: सगळं पूर्ववत करून चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं. या इंजिनात झाकण काढलं की आयडलिंग लडखडायलाच हवं, कारण क्रँककेस हा हवेच्या वाटेचाच भाग आहे. इथे इंजिनाने दखलसुद्धा घेतली नाही. क्रँककेसला आधीच भोक आहे.

बुधवार, ११ सप्टेंबर

धुराचा डबा तयार केला. बाजारातलं यंत्र महाग, आणि हे तितकंच काम देतं.

साहित्य: रंगाचा रिकामा नवा पत्र्याचा डबा (साधारण एक लिटर, दाबून बसणाऱ्या झाकणाचा), १२ व्होल्टचा डिझेल ग्लो प्लग, दोन पितळी निपल, फायबरग्लासची वात, ६०-७० मिली बेबी ऑइल, मत्स्यालयाचा हवेचा पंप, ८ मिमीची पारदर्शक नळी, २० अँपिअरचा फ्यूज, दाबेपर्यंतच चालू राहणारं बटण.

ग्लो प्लग डब्याच्या बाजूला, तेलाच्या पातळीच्या वर. वात प्लगभोवती सैल गुंडाळून तिचं टोक तेलात. एका निपलमधून पंपाची हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. प्लग सतत तापवायचा नाही: १५-२० सेकंद चालू, तितकाच वेळ बंद. तेल जळायला नको, त्याची वाफ व्हायला हवी. पांढरा दाट धूर हवा. काळपट निघाला तर वात करपते आहे.

मोठा कॉम्प्रेसर जोडायचा मोह टाळायचा. एक पीएसआयच्या वर गेलं की सीलवर अकारण ताण येतो आणि धूर फिकट पडतो. मत्स्यालयाच्या पंपाला तेवढा दम असतो, जास्त नसतो. झाकण स्क्रूने आवळायचं नाही, दाब चुकून वाढला तर ते उडालं पाहिजे. डबा आणि बॅटरी गाडीपासून दीडेक मीटर दूर, गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, गॅरेजचं दार उघडं, अग्निशामक हाताशी.

शनिवार, १४ सप्टेंबर

इंजिन रात्रभर थंड ठेवलं होतं. थंडपणी थ्रॉटल बॉडीतला ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह उघडा असतो, त्यामुळे प्लेनममध्ये सोडलेला धूर थ्रॉटल बंद असूनही मागे घडीदार नळीपर्यंत पोचतो. फडकीच्या मीटरचं तोंड रबरी हातमोजा आणि रबरबँडने बंद. धूर ब्रेक बूस्टरच्या निपलमधून आत.

दोन मिनिटं काही नाही. मग पहिला धूर व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या टोकाशी, अर्धचंद्राच्या आकाराच्या रबरी बुचाखालून. मागोमाग पीसीव्हीच्या ग्रोमेटभोवती. ग्रोमेट बोटाने दाबून पाहिलं: रबर उरलेलंच नाही, बांगडीसारखं कडक. व्हॉल्व्ह त्यात गोल फिरतो.

घडीदार नळी वरून स्वच्छ. टॉर्च खाली धरली तरी काही नाही. मग हाताने नळी इंजिनाच्या दिशेने जराशी वाकवली, आणि तिसऱ्या घडीच्या खालच्या बाजूने धुराची सरळ पट्टी सुटली. चीर साधारण २ सेंमी लांब, हात काढला की मिटणारी. गचक्याचं कोडं इथे सुटतं. रेस देताना इंजिन माउंटिंगवर कलतं, चीर उघडते, फडकीला वळसा घालून हवा आत जाते, मिश्रण क्षणभर पातळ. इंजिन स्थिर झालं की चीर बंद, गाडी उचलते. असली चीर इंजिन चालू ठेवून स्प्रे मारत बसलं तर वर्षभर सापडणार नाही.

तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरखाली अगदी बारीक धूर, टॉर्च तिरपी धरली तरच दिसणारा. खात्रीसाठी सगळं जोडून इंजिन चालू केलं आणि स्प्रे बाटलीने साध्या पाण्याचा बारीक फवारा फक्त त्या इंजेक्टरच्या बुडाशी मारला: आयडलिंग क्षणभर सावरलं. पाणी भोक तात्पुरतं बुजवतं, पेट घेत नाही. उरलेल्या तिघांवर काही फरक नाही. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा न पेटवलेला प्रोपेन यांनीही हेच दिसतं, पण गरम एक्झॉस्टच्या इतक्या जवळ ते कशाला. आणि क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तर कधीच नाही, तापल्यावर त्यातून विषारी फॉस्जीन तयार होऊ शकतो.

थ्रॉटलच्या दांडीच्या टोकाशीही थोडा धूर. एवढ्या चाललेल्या गाडीत हे असणारच.

एक गोष्ट उरते. सायलेन्सरच्या टोकातूनही धूर येत होता. त्याचा लगेच अर्थ लावायचा नाही: एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे उघडे असले की धूर तिथून पार जातो. क्रँक हाताने फिरवून पहिला सिलिंडर टीडीसीपासून साधारण ९० अंशांवर आणला. या जागी चारपैकी एकाही सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे नसतात. धूर कमी झाला, थांबला नाही. म्हणजे वाट ईजीआरमधून.

रविवार, १५ सप्टेंबर

ईजीआर प्लेनमच्या मागच्या बाजूला, फायरवॉलकडे. हात जेमतेम जातो. सोडवून त्याच्या आणि प्लेनमच्या मध्ये अखंड पातळ पत्रा गॅस्केटच्या आकारात कापून घातला, फक्त परीक्षेपुरता. इंजिन गरम केलं. गेज १०.५ वरून १२.५. व्हीएफ ५ वरच. दोन मापांचा उपयोग हाच: व्हॅक्यूमचा बराच भाग ईजीआर खात होता, पण कोड २५ त्याचा नाही.

व्हॉल्व्ह काढून पाहिला तर बैठकीवर कार्बनचा पापुद्रा अडकलेला. पितळी ब्रश आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसल्या आकड्याने साफ केला. क्लीनर पडद्यावर जाऊ द्यायचा नाही, रबर फुगतं. हातपंपाने १० इंच व्हॅक्यूम दिला: दांडी उचलली, धरून राहिली, सोडल्यावर टक् आवाज करून बसली. पडदा चांगला. पत्रा काढून नवीन गॅस्केटवर बसवला. पत्रा कायमचा ठेवायची कल्पना अनेकांना सुचते. ज्वलनाचं तापमान वाढतं, ओझं ओढताना इंजिन ठोकायला लागतं आणि उत्सर्जन चाचणीत गाडी अडकते.

पार्ट मागवले: घडीदार नळी, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ग्रोमेट, व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट अर्धचंद्रांसह, ऑइलच्या झाकणाचं गॅस्केट, चारही इंजेक्टरच्या वरच्या ओ-रिंग आणि खालचे इन्सुलेटर, प्लेनम आणि थ्रॉटल बॉडीची गॅस्केटं, ४ मिमीची व्हॅक्यूम नळी ३ मीटर.

नळ्यांबद्दल: बारीक व्हॅक्यूम नळ्यांना सिलिकॉन उत्तम. पण पीसीव्हीला तेल सोसणारं रबर, कॅनिस्टरला पेट्रोल सोसणारी नळी आणि बूस्टरला त्याचीच जाड नळी. सिलिकॉन पेट्रोलच्या वाफेने फुगतं, तेलाने सैल पडतं.

शनिवार, २१ सप्टेंबर

गळती एकाच इंजेक्टरपाशी असली तरी प्लेनम एकदा उचलल्यावर चारही इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि इन्सुलेटर बदलायचे.

बॅटरी निगेटिव्ह काढली. कोल्ड स्टार्ट इंजेक्टरच्या युनियनभोवती फडकं गुंडाळून ते हळूच सैल केलं, लाइनमधला दाब उतरला. थ्रॉटल बॉडीला कूलंटच्या दोन नळ्या आहेत, त्या काढताना थोडं पाणी सांडतं. आधीच बुचं तयार ठेवावीत, नाहीतर ते इंजेक्टरच्या खड्ड्यांत जातं. प्लेनम उचलण्याआधी सगळ्या कनेक्टरांचे फोटो आणि नळ्यांवर चिकटपट्टीचे नंबर.

रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणारी नळी) वर काढल्यावर इंजेक्टरच्या खड्ड्यांत तीस वर्षांची माती. ती आधी ओढून घ्यायची, मग इंजेक्टर. तिसऱ्याचा इन्सुलेटर दोन तुकड्यांत निघाला, बाकीचे कडक पण अखंड. नव्या ओ-रिंगला पेट्रोलचा हात लावून इंजेक्टर रेलमध्ये फिरवत बसवले. बसल्यावर प्रत्येक इंजेक्टर हाताने गोल फिरला पाहिजे. अडला तर ओ-रिंग पिळली गेली आहे, काढून नवी घालायची. तशीच आवळली तर आता पेट्रोल गळेल, आणि ते हवेपेक्षा वाईट.

प्लेनमच्या दोन्ही बैठकी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडल्या. ॲल्युमिनियमला धातूची पट्टी लावली की चरा पडतो, आणि चरा म्हणजे पुढची गळती. मॅनिफोल्डची तोंडं तेवढा वेळ कापडाने बंद. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत, १९ न्यूटन-मीटर.

रविवार, २२ सप्टेंबर

व्हॉल्व्ह कव्हर तसंही निघणारच होतं, म्हणून इंजिन गरम करून क्लिअरन्स तपासले: इनटेक ०.२० मिमी, एक्झॉस्ट ०.३० मिमी, दोन्ही गरम इंजिनाचे आकडे. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर असताना इनटेक १ आणि २, एक्झॉस्ट १ आणि ३. क्रँक एक फेरा फिरवून उरलेले. दुसऱ्याचा एक्झॉस्ट ०.२२ वर आला होता, सैल केला. या इंजिनात एक्झॉस्ट कालांतराने घट्ट होत जातात, आणि घट्ट व्हॉल्व्ह आवाज करत नाही म्हणून कुणी बघत नाही.

अर्धचंद्र बसवताना फक्त कोपऱ्यांना सिलिकॉन सीलंटचा ठिपका. कव्हरचे नट जोर लावून आवळले तर पत्रा वाकतो आणि नवं गॅस्केटही गळतं.

ईएफआयचा फ्यूज अर्धा मिनिट काढून कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसली. या गाडीत नुसती चावी फिरवून पेट्रोलचा पंप चालत नाही, म्हणून डायग्नोस्टिक डबीत एफपी आणि +बी वायरने जोडून, इग्निशन चालू करून रेलभोवती पेट्रोल गळत नाही हे पाहिलं. मग वायर काढून इंजिन चालू.

गरम झाल्यावर आयडलिंग १,०५०. ही नवी गळती नाही. जुन्या गळत्या आणि ईजीआर यांच्यावर मात करायला कुणीतरी पूर्वी आयडलचा बायपास स्क्रू बराच उघडून ठेवला होता. स्क्रू आत घेऊन मॅन्युअल गिअरच्या गाडीचा आकडा लावला, ७५० आरपीएम. गेज १५ इंच, काटा स्थिर. ऑइलचं झाकण काढलं: इंजिन गदगदलं, बंद पडायच्या बेतात. झाकण लावलं, सावरलं. व्हीएफ अजून २.५ नाही, ३.७५. गाडी चालवल्याशिवाय शिकवण पूर्ण होत नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

गावात आणि हायवेवर भरपूर चालवून झाल्यावर व्हीएफ २.५. टीई१ आणि ई१ जोडून २,५०० आरपीएमवर धरलं तर मीटर ० आणि ५ मध्ये दहा सेकंदांत आठपेक्षा जास्त वेळा हेलकावे घेतो. ऑक्सिजन सेन्सर जिवंत आहे, बदलायची गरज नाही. कोड २५ पाहून आधी सेन्सरच घेतला असता तर ते पैसे पाण्यात गेले असते.

थ्रॉटलच्या दांडीची गळती तशीच ठेवली. व्हीएफ मध्यावर असताना त्यासाठी थ्रॉटल बॉडी उघडण्यात अर्थ नाही. फडकीच्या मीटरच्या काळ्या झाकणाखालची स्प्रिंगही हात न लावता सोडली. नव्या घडीदार नळीचे दोन्ही क्लॅम्प तापून-निवून सैल झाले होते, पाव फेरा आवळले. पीसीव्हीच्या नळीचा क्लॅम्प ठीक.